लुगड्याला माप नसते

मुक्काम पालवणवाडी, तालुका वेल्हे
(कागदोपत्री आता राजगड तालुका म्हणतात. मी वेल्हे लिहितो. टपाल पोहोचते.)
दिनांक ३ नोव्हेंबर २०२५

सौ. रत्ना कुमार खोपडे, भोर, यांस चिमाजी राघू शिळीमकर यांजकडून,

तुम्ही आशाताईंना फोन करून तुमच्या आईच्या प्रकृतीची विचारपूस केलीत, असे त्या काल ओट्यापाशी उभ्या राहून मला सांगून गेल्या. विचारपूस करणे योग्यच आहे. परंतु लेकीने आईची खबर गावच्या आशा कार्यकर्तीकडून घ्यावी, अशी वेळ आपल्या घरात पूर्वी आलेली नव्हती. म्हणून ती खबर मी स्वतः लेखी देत आहे.

मोबाईल माझ्याकडे आहे व तो चालू असतो. तथापि मोबाईलवर मनुष्य बोलतो ते बोलून जातो. कागदावरील ओळ खोडता येते. दिवाळीत आपणां उभयतांचे जे बोलणे झाले ते कागदावर झाले असते, तर त्यातील पुष्कळसे खोडले गेले असते. मी तुमच्या वाक्यांविषयी लिहीत आहे.

प्रकृती अशी. उजवे अंग आहे तसेच आहे. वाचा परत येण्याची आशा डॉक्टरांनी आता सोडली आहे. अन्न पातळ करून दिले तर उतरते. कमरेजवळील जखम सुकत आहे. ती जखम तुम्ही आणलेल्या रेक्झिनच्या गादीमुळे झाली, हे माझे मत कायम आहे. त्या गादीवर घाम फार येतो. ती मी माळ्यावर टाकली आहे. डाव्या हाताला मात्र एक वाईट खोड लागली आहे. दिवसभर तो हात कमरेशी चाळा करीत असतो, निऱ्या ओढतो. मी हात उचलून गोधडीखाली ठेवतो व "चाळा करू नको" असे समजावतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

तुम्ही ठेवून गेलेले दोन्ही गाऊन एस.टी.ने परत पाठविले आहेत. तुमच्या आईने लग्नाच्या दिवसापासून नऊवारीखेरीज दुसरे वस्त्र अंगाला लावलेले नाही. तिला लुगडे नेसवावयास दुसऱ्या कोणाचा हात लागत नाही. मी नेसवितो. निजलेल्या माणसास कासोट्यासह लुगडे नेसविणे या पंचक्रोशीत एकाही बाईला साधणार नाही. मला साधते, ते का साधते हे तुम्ही जाणता, आणि त्याविषयी तुम्ही दिवाळीत जे बोललात तेही माझ्या ध्यानात आहे.

आशाताईंनी आणखी एक टूम काढली. घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्यांसाठी वेल्ह्याच्या सभागृहात दर शनिवारी नाटक व नाच शिकविणार आहेत म्हणे. मी त्यांना सांगितले की, घरातील दुखणे चव्हाट्यावर नाचविण्याची आमच्याकडे रीत नाही.

जावईबापूंस नमस्कार.

चिमाजी राघू शिळीमकर


दिनांक १७ नोव्हेंबर २०२५

सौ. रत्नाबाई यांस,

पत्राचे उत्तर आले नाही. ते मागितले नव्हते, म्हणून तक्रार नाही.

शनिवारी वेल्ह्यास जाणे झाले. माझी इच्छा नव्हती. गेनबा दारात येऊन बसला आणि उठेना. गेनबा तुम्हाला आठवत असेलच. त्याचा धाकटा भाऊ माऊली जन्मापासून अजाण आहे. आई-बाप गेल्यापासून गेनबाच त्याला न्हाऊ-माखू घालतो. गेनबाने लग्न केले नाही ते याच कारणाने, असे लोक म्हणतात. तो स्वतः म्हणतो की त्याला कोणी पोरगी दिली नाही.

"चिमा, चल की. यडं असंल तर हसून माघारी येऊ."

"आणि घरी हिच्याजवळ कोण बसेल?"

"हौसाबाईची सून बसंल. म्या इचारूनच आलोय. उगं कारनं काढू नगंस."

सभागृहात सतरंजी अंथरलेली होती. शिकविणारी प्रेरणा नावाची मुलगी तुमच्या भोरचीच आहे. अंगाने काटकुळी, आवाज मात्र मागच्या रांगेपर्यंत पोहोचणारा. एकूण माणसे थोडी होती आणि बहुतेक बायका. ती मला म्हणाली, "आजोबा, बोलू नका. सकाळी उठल्यावर पहिलं काम काय करता, तेवढं करून दाखवा."

मी म्हणालो, "मी केवळ पाहावयास आलो आहे. पाहुणा समजा."

त्यावर आपल्या आळीतील हौसाबाई सर्वांदेखत म्हणाल्या, "पाहुनं, मग च्या पिऊन वाटंला लागा. हितं कामाची मानसं नाचत्यात."

मी खुर्ची मागून घेतली व बसून राहिलो.

हौसाबाईंचा स्वभाव तुम्ही जाणता. त्यांच्या सासूबाई कैक वर्षांपासून अंथरुणास खिळलेल्या आहेत व दिवसभर "हौसेऽऽ" अशी हाक मारीत असतात. ती हाक आपल्या ओट्यापर्यंत येते. प्रेरणाने टेबलावर लेझमीचा ठेका धरला आणि हौसाबाई त्या ठेक्यावर आपला दिवस करू लागल्या. चुलीपासून अंथरुणापर्यंत, अंथरुणापासून मोरीपर्यंत, हातात नसलेले भांडे धरून त्या गोल फिरू लागल्या. मधूनच स्वतःच थांबून सासूच्या आवाजात हाक देत आणि स्वतःच "आले, आले" म्हणून धावत. ठेका वाढत गेला. बायका हसून लोळू लागल्या. मलाही हसू आले, हे कबूल केले पाहिजे. मग एकाएकी त्या मधोमध बसल्या. ते नसलेले भांडे मांडीवर घेतले आणि उठेनात. प्रेरणाने ठेका थांबविला.

"म्हातारी मरत का न्हाई, ह्याचं बी भ्या वाटतं," हौसाबाई म्हणाल्या, "आन् मेली तर मला हाक कोन मारंल, त्याचं बी."

सभागृहात कोणी हसले नाही. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय पाहुनं, च्या पिला का?"

परत गेनबाच्या टेम्पोने आलो.

अक्षर वेडेवाकडे आल्याबद्दल राग मानू नये. मनगटास पट्टी आहे. मोरीची पायरी निसरडी होती. विशेष नाही.

चिमाजी शिळीमकर


दिनांक १ डिसेंबर २०२५

चि. सौ. रत्ना हिस आशीर्वाद,

मागील पत्रात मी पायरी निसरडी असल्याचे लिहिले. पायरी कोरडी होती.

शनिवारी प्रेरणाने सर्वांना सांगितले की, घरात घडलेली पण कोणाला न सांगितलेली एक गोष्ट करून दाखवा. माझी पाळी आली तेव्हा मी नाही म्हणणार होतो. परंतु तिथे प्रत्येक बाई उठून करीत होती, आणि एकेकाळी भैरवनाथाच्या जत्रेत ज्याचा पडदा वर गेल्यावर मंडप गप्प होत असे, त्याने खुर्चीला चिकटून राहणे बरे दिसले नाही. म्हणून उठलो.

गोष्ट अशी की, तुझ्या आईला मोरीतून उचलून आणताना माझा तोल गेला व आम्ही दोघेही खाली आलो. ती माझ्या अंगावर पडली म्हणून तिला लागले नाही. माझा हात तिच्या खाली सापडला होता. मला उठता येईना. हाक मारली असती तर शेजारी आले असते. परंतु मोरीत सोडलेले तिचे लुगडे अजून नेसविलेले नव्हते, त्यामुळे मी हाक मारली नाही. दूधवाला आला तेव्हा त्याला बाहेरूनच सांगितले की हौसाबाईंना पाठव. तोवर आम्ही तसेच पडून होतो. तुझी आई छताकडे पाहत होती. मीही पाहत होतो. आपल्या छताचा एक वासा वाकला आहे, हे मला माहीत नव्हते.

हे मी सभागृहात सतरंजीवर पडून करून दाखविले. कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. तशी तिथे पद्धत नाही.

मग गेनबा पुढे आला. म्हणाला, "पोरी, ह्यो उचलतोच चुकीचा. थांब, म्या दावतो."

तुला ठाऊक नसेल, म्हणून लिहितो. आमच्या नाटकाच्या तिसऱ्या अंकात राणीला मूर्च्छा येत असे आणि राजा तिला दोन्ही हातांवर उचलून एक गिरकी घेऊन सिंहासनाकडे नेत असे. राजा गेनबा, राणी मी. त्या गिरकीसाठी पानशेतच्या बाजूची माणसे चालत येत. गेनबा अंगाने माझ्याहून लहान होता, तरी मी त्याला कधी जड झालो नाही. त्याचे कारण मी विसरलो होतो. तो विसरला नव्हता. उचलण्याआधी तो प्रेक्षकांकडे पाठ करून माझ्या कानाशी म्हणत असे, "चिमा, उचलतोय बरं." ते ऐकले की मी श्वास घेऊन अंग हलके करीत असे.

सभागृहात त्याने तसेच केले. एवढ्या वर्षांनी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "चिमा, उचलतोय बरं," आणि माझे अंग आपोआप वर झाले. त्याने पुरते उचलले नाही, वय झाले आहे. पण मी त्याच्या हातांत आलो. बायकांनी शिट्ट्या वाजविल्या. हौसाबाई म्हणाल्या, "अगं बया! राजा म्हातारा झाला, पर रानी अजून तशीच!"

प्रेरणाने मला विचारले, "आजोबा, तुम्ही आजींना उचलताना काय म्हणता?"

मी म्हणालो, "काही म्हणत नाही. तिला बोलता येत नाही."

ती म्हणाली, "ऐकता येतं ना?"



रत्ना, दिवाळीतील बोलण्याविषयी मला एक वाक्य लिहिणे प्राप्त आहे. मी वेल्ह्याहून औषध घेऊन परत आलो, तेव्हा तू आईला गाऊन घालून ओट्यावर बसविले होतेस. तिच्या पोटऱ्या उघड्या होत्या आणि रस्त्याने माणसे जात होती. मी म्हणालो, "माझ्या बायकोचा तमाशा करू नकोस." तू म्हणालीस, "तमाशा तुम्ही केलात, आबा. जत्रेत लुगडं नेसून. आता आईला बाहुली करून ठेवलीय."

मी लुगडे नेसलो ते तुझ्या आईचे होते. लग्नानंतर पहिल्या जत्रेला नाटक मंडळीच्या पेटीतील राणीचे लुगडे कसरीने खाल्लेले निघाले. तेव्हा तिने स्वतः होऊन आपले लग्नातील लुगडे काढून दिले आणि बायकांच्या बाजूला बसून ते वर रंगमंचावर नाचताना पाहिले. त्यानंतर दरवर्षी तेच. तिला त्याची लाज वाटली नाही. तुझ्या शाळेतील मुले तुला चिडवू लागल्यावर मी नाटक सोडले, तेव्हा तिने ते लुगडे ट्रंकेत घातले व पुन्हा कधी नेसली नाही. एवढेच सांगावयाचे होते.

मनगट बरे आहे.

आबा


दिनांक १५ डिसेंबर २०२५

चि. सौ. रत्ना हिस आशीर्वाद,

हे पत्र दोन वेळा लिहून फाडले. हे तिसरे.

परवाच्या शनिवारी प्रेरणाने सांगितले की, आपण ज्यांना सांभाळतो ते आपण व्हायचे, आणि आपले काम दुसऱ्या कोणी करायचे. मी तुझी आई ठकुबाई व्हावे आणि गेनबाने मी व्हावे, असे ठरले. गेनबा माझ्याकडे वरचेवर येतो. मी काय करतो, कसे करतो, हे त्याने पाहिलेले आहे.

हौसाबाई म्हणाल्या, "गेनबा, मान ताठ ठेवा. आन् कुनाचं ऐकू नगा. न्हाईतर चिमाजीबाबा हायती, हे वळकू येनार न्हाई."

मी ट्रंकेतील ते लुगडे घेऊन गेलो होतो. मनात होते की, करावयाचेच तर व्यवस्थित करावे. बाजूच्या खोलीत जाऊन नेसलो. बोटे विसरलेली नव्हती. आता एक गोष्ट तुला सांगावी लागेल, ती स्त्रीपार्ट करणाऱ्यांखेरीज कोणाला ठाऊक नसते. पुरुषाच्या कमरेवर लुगडे ठरत नाही. नाचता नाचता खाली येते. म्हणून आत सुताची दोरी आवळून बांधतात, डाव्या कुशीला गाठ मारतात, आणि मग तीवर निऱ्या खोचतात. वरून काही दिसत नाही. लुगडे मात्र पहाटेपर्यंत जागचे हलत नाही. माझ्या नेसण्याची जी कीर्ती होती, ती या दोरीची होती.

तुझी आई आजारात वाळली. तिच्या कमरेवरही लुगडे ठरेनासे झाले. उचलताना सुटायचे. तेव्हापासून मी तिलाही तशीच दोरी बांधतो. उचलताना धरावयासही ती बरी पडते. दिवाळीत तू आलीस तेव्हा दोरी धुण्यासाठी सोडलेली होती. तू विचारले होतेस, "हा काच कशाचा, आबा?" मी म्हणालो होतो, गादीचा.

प्रेरणाने मला खुर्चीत बसवून मांडीवर गोधडी घातली. उजवे अंग हलवायचे नाही, बोलायचे नाही. चष्मा काढून ठेवला, कारण तुझी आई लावीत नाही. गेनबा माझे काम करू लागला. तोंड पुसले. पेज भरविली. कानाशी काही न बोलता उचलले, बसविले. मग त्याचे दुसरे काम निघाले आणि मी बसून राहिलो. बाकीची मंडळी आपापली कामे ठेक्यावर करीत माझ्याभोवती फिरत होती. चष्मा नसल्यामुळे माणसे दिसत नव्हती. रंग जाताना-येताना दिसत होते.

त्या दोरीने जत्रेत मला कधी काच झाला नव्हता. रात्ररात्र बांधलेली असे. परंतु जत्रेत मी नाचत होतो. नाचणाऱ्याला दोरी काचत नाही. अंगाबरोबर तीही फिरते. बसून राहिलेल्याच्या अंगात ती शिरते. प्रथम गाठ टोचू लागली. मग डाव्या कुशीला आग होऊ लागली. मनात दुसरा विचारच येईना. सांगावे तर बोलायचे नव्हते.

मग माझा डावा हात कमरेकडे गेला. मी नेला नाही. नाटक म्हणूनही नेला नाही. तो आपोआप गेला आणि निऱ्या ओढू लागला.

गेनबा आला. त्याने माझा हात उचलला, गोधडीखाली ठेवला, वरून थोपटला आणि माझ्याच आवाजात म्हणाला, "चाळा करू नको."

पुढचे लिहवत नाही.

आबा


दिनांक २९ डिसेंबर २०२५

चि. रत्ना हिस,

त्या दिवशी मी काम अर्धे टाकून, लुगड्यावरच सदरा चढवून टेम्पोत जाऊन बसलो. गेनबाने लगेच टेम्पो काढला. आपल्या दारात मला उतरवून, सोबत आणलेल्या माऊलीला घेऊन तो निघून गेला.

हौसाबाईंच्या सुनेला घरी पाठविले. दोरी कापली. गाठ सुटण्यासारखी राहिली नव्हती, कातडीला चिकटली होती. कोमट पाणी लावून सोडविली. त्या वेळी तिने डोळे मिटून घेतले होते. मी कानाशी जाऊन म्हणालो, "ठकुबाई, दोरी काढतोय बरं." हे मी आधीच म्हणावयास हवे होते, काढून झाल्यावर म्हणालो.

डॉक्टर येऊन गेले. मलम दिले आहे. जखम सुकत असल्याचे मी पहिल्या पत्रात लिहिले ते खरे नव्हते. आता सुकत आहे.

दोरीवाचून लुगडे राहत नाही. सध्या गुंडाळून ठेवतो, ते पायांत अडकते. मी नेसवितो त्याला आता कोणी नेसविणे म्हणणार नाही.

येत्या ११ जानेवारीस, रविवारी, दुपारी बारा वाजता भोरमध्ये शाळेच्या सभागृहात आमचा प्रयोग ठेविला आहे. प्रेरणा म्हणाली, ज्यांची इच्छा नसेल त्यांनी काम करू नये, बळजबरी नाही. मी करणार आहे. गाठीसह करणार आहे. त्यात ते आले पाहिजे.

तुझ्या घरापासून ती शाळा पायी चालण्याच्या अंतरावर आहे. आमंत्रणपत्रिका सोबत ठेवली आहे. पुढची रांग आमच्या घरच्या माणसांसाठी मोकळी ठेवणार आहेत. येणे न येणे तुझ्या सोयीवर.

आबा


दिनांक १२ जानेवारी २०२६

रत्ना,

काल प्रयोग झाला. तू आली होतीस की नाही, मला समजले नाही. चष्मा काढलेला होता. पुढच्या रांगेत एक निळे, एक पिवळे आणि मध्ये एक मोकळे दिसत होते. तुझ्या अंगावर कोणता रंग होता, हे मला माहीत नाही.

हौसाबाईंच्या वेळी लोक हसून हसून थकले आणि मग गप्प झाले, जसे आम्ही झालो होतो. माझ्या वेळी गेनबाने हात उचलून गोधडीखाली ठेवला, "चाळा करू नको" म्हणाला, आणि मागून कोणी तरी खुर्ची सरकवून उठून गेल्याचे ऐकू आले. बाईमाणूस होते की पुरुष, ते सांगता येणार नाही.

शेवटी गेनबाने कानाशी येऊन मला सांगितले आणि उचलले. गिरकी मात्र आम्ही घेतली नाही. दोघांनीही घ्यायची ठरविली होती. ऐन वेळी त्याचे गुडघे वळले नाहीत, आणि मला वाटले, नाही घेतली तेच बरे झाले.

मंडळी जेवावयास बसली तेव्हा मी कपडे बदलून बाजारात गेलो. तिथे एका कपड्यांच्या दुकानात बाईच गल्ल्यावर होती म्हणून शिरलो. म्हणालो, एक गाऊन द्या.

"कुनासाठी, बाबा?"

"घरी."

"साईज काय? एक्सेल, का डबल एक्सेल?"

मी म्हणालो, "ते मला सांगता येणार नाही. माझी पत्नी नऊवारी नेसत आली आहे. लुगड्याला माप नसते."

"गाऊनला असतं की, बाबा. कशा हायती त्या? भरल्यात का बारीक?"

मला तिची उंची सांगता येईना. भरलेली की बारीक हेही सांगता येईना. जशी होती तशीही डोळ्यांपुढे येईना आणि जशी आहे तशीही. म्हणून मी दुकानात उभे राहून दोन्ही हात पुढे करून दाखविले, तिला उचलताना होतात तसे. म्हणालो, एवढी.

ती बाई हसली नाही. म्हणाली, "बाबा, मिठीवरनं साईज न्हाई कळायची. घरात लेकबाळ असंल तर तिला घिऊन या."

मग मी तुझ्या गल्लीत आलो. दारापर्यंत आलो. दार लोटलेले होते. उंबऱ्याबाहेर तुझ्या चपला होत्या. आतून भांड्यांचा आवाज येत होता. तुझ्या चपलांना रस्त्याची धूळ होती की नव्हती, हे वाकून पाहिले असते तर तू प्रयोगाला आली होतीस की नाही ते कळले असते. मी वाकलो नाही. ज्या मनुष्याने गाऊन परत पाठविले, त्याने ते मागावयास दारात उभे राहून बेल कोणत्या हाताने वाजवावी, हे मला उमजेना. मला पुष्कळ संवाद पाठ आहेत. त्या वेळचा नव्हता. स्टँडवर गेनबा थांबला होता. एस.टी. मिळाली. कापूरहोळला गाडी बदलताना गेनबा म्हणाला, "भेटली का रं पोरगी?" मी म्हणालो, ती कामात होती.

घरी आलो तेव्हा हौसाबाईंची सून नुकतीच उठून गेली होती, लुगडे पायाशी गोळा झालेले आणि तिला हुडहुडी भरलेली. दुसरे काही सुचेना. माझा जुना पांढरा सदरा होता, तो तिला घातला. आधी सांगून घातला. बाह्या लांब होतात, त्या दुमडल्या. खाली धोतराची घडी पांघरली. चिमाजी शिळीमकराचा सदरा घालून ती बसली आहे, आणि रस्त्याने माणसे जात आहेत. दार उघडेच आहे. एकेकाळी तिचे लुगडे नेसून मी सगळ्या मुलखासमोर उभा राहत असे, तेव्हा तिने कधी डोळे खाली घातले नव्हते. आज मीही घातले नाहीत.

आज सकाळपासून तिचा डावा हात मांडीवर आहे. कमरेकडे जात नाही. मी बराच वेळ पाहत बसलो. सवय झाली आहे म्हणून तो उचलून ठेवावयास माझाच हात मधून मधून पुढे होतो, आणि मग मला तो मागे घ्यावा लागतो.

सदऱ्यावर फार दिवस निभणार नाही. मी परत पाठविलेले ते दोन गाऊन तू कोणाला देऊन टाकले नसशील, तर ठेव. टपालाने पाठवू नकोस. तूच घेऊन ये. मला तिचे माप माहीत नाही. तुला आहे.

आबा